बंद मशीनचा आवाज

दीपनगरच्या वीज केंद्रात भटू आबांनी चौतीस वर्षं मशीनचा आवाज ऐकला. लोखंडी सळईचं एक टोक बेअरिंगवर, दुसरं कानाला. एवढ्यावर हा बहाद्दर आत काय बिघडलंय ते सांगायचा. साहेब लोक मीटर बघायचे आणि हळूच आबांना विचारायचे. निवृत्तीनंतर धुळ्याला घर बांधलं, तिथे सळईही आली.

साठी उलटली आणि आबांचंच काळीज मधूनमधून बेफाम धावायला लागलं. जळगावच्या डॉक्टरांनी जांघेतल्या शिरेतून तार सरकवून हृदयातली खोडी करणारी जागा जाळली. शेजारचा चांगला भागही क्वचित भाजतो, मग ठोके एकदम उतरतात, चक्कर आली तर तडक या, असं त्यांनी बजावलं होतं. आबांनी मान डोलावली आणि विसरून गेले. हट्टी माणूस, दुसरं काय!

घरी आल्यावर आठव्या दिवशी, भर दुपारी, त्यांनी सदरा काढून सळई स्वतःच्या छातीला लावली. धप्प. मग बराच वेळ काही नाही. मग धप्प. कसं गार चालतंय, म्हणून स्वारी खूश. जिन्यात अंधारी आली, ती त्यांनी उन्हावर ढकलली. नर्मदाबाईंना मात्र नवऱ्याचा चेहरा राखेसारखा दिसत होता. त्या मनातून पार घाबरल्या होत्या.

चार दिवस हेच. पाचव्या दुपारी ऐकता ऐकता आबा थबकले. हा आवाज ओळखीचा होता. वीज केंद्रात मशीन बंद केलं की तापलेला दांडा वाकू नये म्हणून एक छोटी मोटर त्याला संथ फिरवत ठेवते. नवख्याला वाटतं, चालू आहे. अशा नवख्यांना आबा जन्मभर हसले होते.

हा तोच बंद मशीनचा आवाज. त्यांनी सळई छातीवरून खाली घेतली.

“आयक वं,” ते बायकोला म्हणाले, “मशीन बंद पडेल शे. हाई नुसतं फिरी ऱ्हायनं.”

सून प्रज्ञाने नाडी मोजून डॉक्टरांना फोन लावला. मिनिटाला अठ्ठावीस ऐकताच ते म्हणाले, जळगाव राहू द्या, जवळच्या दवाखान्यात न्या, आत्ता. प्रज्ञाने गाडी काढली. मागच्या सीटवर नर्मदाबाईंनी नवऱ्याच्या छातीवर तळहात दाबून धरला. एक ठोका लागला.

“मंग फिरवस कोन?” त्यांनी हळूच विचारलं.

कुठल्या पाळीला मशीनवर कोण, हे आबा झोपेतही सांगायचे. आता त्यांना एकही नाव सुचेना. नर्मदाबाईंच्या तळव्याखाली पुढचा ठोका अजून आला नव्हता.