जोकराच्या झोळीतली भाकर

माणूस जोकर कसा होतो, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. मी झालो तो जेवणाच्या सुट्टीत. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी लेथवर होतो आणि सुट्टीत आमच्या सुपरवायझरची नक्कल करायचो. पोट पुढे, पेन कानावर, आणि घसरून पडल्यावरही आपण मुद्दामच बसलो असा चेहरा. एकदा ती नक्कल ऐन रंगात असताना मागे खुद्द मोठे साहेब उभे. आता नोकरी गेली असं मी धरूनच चाललो. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, रविवारी मोकळा असतोस का? त्यांच्या बाईसाहेब एका दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात जायच्या, फळं वाटायच्या, गोष्टी सांगायच्या. मुलं गोष्टींना कंटाळली होती. जोकर हवा होता, आणि तो फुकटात हवा होता. मी हो म्हणालो. नाही म्हणायची सोय होती की नव्हती, हेच मला कळलं नाही.

बाईसाहेबांनी मला कँटीनमध्ये बसवून जोकराचं शिक्षण दिलं. चहा गार व्हायच्या आत ते संपलं. कपडे रंगीबेरंगी हवेत. चालताना आवाज यायला हवा. चेहरा रंगवलेला हवा. हातात काहीतरी हवं, आणि त्यानं स्वतःलाच मारून घ्यायचं, कारण मोठ्या माणसाला मार बसलेला बघायला मुलांना फार आवडतं. मी दर वाक्याला मान हलवत होतो. जोकर मी जन्मात एकदाच पाहिला होता, सर्कशीत, तोही खांबाआडून, त्यामुळे वाद घालण्याइतकं ज्ञान माझ्यापाशी नव्हतंच.

आमचं घर गारखेड्याच्या पलीकडच्या वस्तीत. तेव्हा तिथल्या प्रत्येक भिंतीवर विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा होत्या. एक पुसट झाली की पोरं तिच्यावर दुसरी रंगवायची. वडील सूतगिरणीत होते. नामांतराच्या मोर्च्यात जाऊन ते तुरुंगात राहून आले होते आणि संध्याकाळी ओट्यावर बसून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा पेपर वाचायचे. हात पसरणं ही आमच्या घरात शिवी होती. त्यांना मी ‘दवाखान्यात समाजसेवा’ एवढंच सांगितलं. ते खूश झाले.

पोशाख आईनं शिवला. नवं कापड परवडणारं नव्हतं, म्हणून शिंप्याकडच्या लाल-हिरव्या-पिवळ्या चिंध्या आणल्या आणि कमरेपासून खाली सोडायच्या ठरवल्या. शिवता शिवता आई मध्येच थांबली. कमरेला लावून बघ म्हणाली, मी लावलं, तिनं बघितलं आणि सुई चिंधीत टोचून ठेवली. लांब झालं का, असं मी विचारलं. नाही, बरोबर झालंय, असं म्हणून ती पुन्हा खाली मान घालून शिवायला लागली. पायात बांधायला मी गुलमंडीवरून घुंगरांचे चाळ आणले. मारून घ्यायला वडिलांच्या जुन्या धोतराला पीळ घातला. तोंडाला हळद फासली आणि नाकावर शेजारणीकडून मागून आणलेलं कुंकू. फुगे ठेवायला खांद्याला झोळी.

वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. सगळं लक्ष नाकाकडे होतं.

रविवारी वॉर्डात शिरलो. चाळ वाजले तशी पोरं दचकली. एकानं पांघरूण डोक्यावरून घेतलं, एका मुलीनं भोकाड पसरलं. मी उड्या मारल्या. धोतराच्या पिळानं पाठीवर फटके मारून घेतले, आवाज चांगला निघाला, पण हसलं कुणी नाही. बाईसाहेब दारातून ‘छान, छान’ असे हातवारे करत होत्या. काय छान, ते मला दिसत नव्हतं. घामानं हळद डोळ्यांत उतरली होती.

खिडकीपाशी अजिंठ्याकडच्या एका मेंढपाळाची बायको आपल्या मुलाला घेऊन होती. खाली घोंगडी, उशाला गाठोडं. पोराचा ताप बरेच दिवस उतरत नव्हता. मी समोर आलो तशी ती उठली, पदर डोक्यावर घेतला, पोराला उचललं आणि त्याचं कपाळ माझ्या पायांवर टेकवलं.

“मरीआई हितवर आली बगा,” ती म्हणाली. “डोक्यावर हात ठिवा, पोतराजबाबा. लई दिस झालं, लेकरू उठंना.”

तेव्हा मला मी दिसलो. कमरेला चिंध्या, पायात चाळ, तोंडाला हळदकुंकू, हातात आसुडासारखा पिळाचा कोरडा. सर्कशीतला जोकर करायला गेलो आणि हातून झाला मरीआईचा पोतराज, जसाच्या तसा. मी बौद्धाचा पोरगा, लेथवरचा कामगार, मी देवीचा कुणी नाही, हे सांगायला तोंड उघडलं. हात मात्र आपोआप पोराच्या डोक्यावर गेला. तिनं गाठोड्यातून अर्धी भाकर काढून माझ्या झोळीत टाकली, तीही मी टाकू दिली. एवढ्यात पोराचं बोट चाळाला लागलं. घुंगरू वाजलं. त्यानं पुन्हा टिचकी मारली, ते पुन्हा वाजलं, आणि ते तापानं सुकलेलं पोर खुदकन हसलं. त्या दिवशी साऱ्या वॉर्डात हसलं ते तेवढंच.

घरी येऊन सगळा पोशाख झोळीत कोंबला, ती खुंटीला अडकवली आणि तोंड धुवायला गेलो. परत आलो तर वडील हातात ती भाकर घेऊन उभे.

“ही आपली नाय,” ते म्हणाले. “आपल्यात इतकी जाड थापत नाहीत. कुणी दिली?”

मी सगळं सांगितलं. त्यांनी एकेक वस्तू झोळीतून काढून ओट्यावर मांडली. मग जे कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. माझे आजोबा पोतराज होते. गावोगाव फिरायचे, अंगावर कोरडे ओढून घ्यायचे, आणि लहानगे वडील त्यांच्यामागून झोळी धरून चालायचे. धम्म घेतला तेव्हा आजोबांनी केस कापले आणि ते सगळं सामान विहिरीत टाकलं. कोरडा बुडाला तेव्हा वडिलांना बरं वाटलं. चाळ बुडाले तेव्हा मात्र ते रडले होते, कारण खेळण्यासारखं त्यांच्याकडे तेवढंच होतं.

“माझा बाप मारून घ्यायचा, लोकं बगायचे, भाकर मिळायची,” ते म्हणाले. “तू मारून घेतलं, लोकांनी बगितलं, भाकर मिळाली. फरक सांग मला.”

 ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. पेपरही मनातच वाचायला लागले, तेव्हा सारी गल्ली विचारायला लागली की काय बिनसलंय. मी लेथवर उभ्या उभ्या फरक शोधत होतो आणि चांगले जॉब, लोखंडाचे घडवायचे तुकडे, बिघडवत होतो. साहेबांना नाही कळवून मोकळं व्हावं, तर ते पोर टिचकी मारायला वाट बघत असणार. जावं, तर बाप जातो हातचा. कधी वाटायचं बाईसाहेबांचा राग यावा, कधी आईचा, की सगळं कळून तिनं का नाही थांबवलं. ती म्हणाली, तू इतका खुशीत होतास.  त्यातच चाळ आणि कोरडा घरातून गायब झाले. आईनं मात्र काही न बोलता त्या चिंध्या उसवून त्यांची ढगळ विजार शिवून ठेवली.

पुढच्या रविवारी मी ती विजार घालून निघालो, तर वडील इस्त्रीचा पांढरा सदरा घालून दारात उभे. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. ते पुढे चालायला लागले, मी मागे.  हे मला सगळ्यांसमोर फैलावर घेणार, की त्या बाईला, तेही समजेना.

ते सरळ खिडकीपाशी गेले.

“जय भीम, बाई,” ते म्हणाले. “गेल्या आइतवारी तुमी माझ्या पोराला भाकर दिली. तो पोतराज नाय. कारखान्यात कामाला हाय. ही आमच्या घरची भाकर.”

त्या दिवसांत ‘जय भीम’ एवढ्या दोन शब्दांवर गावं पेटत होती. बाईनं फडक्याकडे बघितलं, वडिलांकडे बघितलं, विजार घालून उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. हात पुढे आला नाही. मला वाटलं, संपलं.

“मंग ह्यो असं कशाला करतो?” तिनं विचारलं.

मी वडिलांकडे पाहिलं. आठवडाभर हाच तर त्यांचा सवाल होता, आणि आता उत्तर द्यायची पाळी त्यांच्यावरच आली होती. त्यांनी घसा साफ केला.

“लेकरं हसावी म्हून,” ते म्हणाले.

“फुकट?”

“फुकट.”

बाईनं जरा विचार केला. मग फडकं घेतलं, भाकर मोडली आणि पहिला तुकडा पोराच्या तोंडात दिला. पोर चघळायला लागलं. जय भीम तिला कळलं होतं की नव्हतं, की भूक मोठी होती, हे मला आजही माहीत नाही. पण वडिलांचे खांदे सैल झालेले मी बघितले.

“फिटलं,” ते म्हणाले आणि सदऱ्याच्या खिशात हात घालून एक चाळ बाहेर काढला. “हे घे. कोरडा चुलीत घातला, तो मागू नको.”

मी खाली बसून चाळ बांधायला लागलो.  एका पायात बांधून झाल्यावर दुसऱ्यासाठी हात पुढे केला, तर वडील स्टुलावर बसले होते. दुसरा चाळ त्यांच्या तळहातावर होता. त्यांनी तो हळूच एकदा हलवला. मग पुन्हा हलवला. खाटेवरचं पोर हसलं, तसा त्यांनी तो त्याच्या कानाशी नेऊन वाजवला.

मी तो मागितला नाही. एकाच पायातला चाळ वाजवत नाचायला लागलो.