रोज चारातली एक

श्रावणातल्या सोमवारी सकाळी सात वाजता भाच्याचा फोन आला. "मामा, आई गेली." मी पुसेगावला पोचलो तेव्हा घरात तो, त्याची बायको आणि शेजारच्या दोघी होत्या. आक्का, माझी थोरली बहीण, त्रेपन्न वर्षांची होती. आता दीड महिना झाला. भेटेल तो म्हणतो, नशीब. असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, म्हणून हे लिहितोय.

भाकरीसाठी पीठ घेतलं की आक्का त्यातलं मूठभर आधी वेगळ्या डब्यात टाकायची. अडीनडीला तो डबा उघडायचा. मी चिडवायचो, "आक्का, स्वतःच्या पोटाला चिमटा काहून काढतीस?" ती म्हणायची, "तू अवचित येऊन चार भाकरी हाणतोस, त्या कुठून येतेत मग?"

दोन हजार एकच्या दिवाळीनंतर तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी समजावलं, की पेशीतल्या दोन जनुकांचे तुकडे तुटून भलत्याच जागी जोडले गेलेत, त्यामुळे पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. नेमक्या त्या बिघाडावर काम करणारी नवी गोळी आली होती, तिची चाचणी चालू होती. रोज चार गोळ्या, मोफत. दर महिन्याला रिकाम्या बाटल्या परत करायच्या. संमतीपत्र बावीस पानांचं. चाचणीचं काम बघणाऱ्या बाईंनी ते भरभर वाचून दाखवलं. आक्कानं एकच विचारलं, "बाई, तुमचा अभ्यास सरल्यावर मला गोळ्या कोण देईल?"

"मावशी, ते वरून ठरेल. आत्ता इथं सही करा."

त्यानंतर नातेवाइकांना बाहेरच बसवत. आक्का दर महिन्याला आत जाऊन तेच विचारायची आणि बाहेर येऊन सांगायची, "अजून ठरलं न्हाई म्हणे…"

गोळीनं गुण दिला, हे मी नाकारत नाही. आकडे माझ्या वहीत आहेत. एक लाख ऐंशी हजार पांढऱ्या पेशी दोन महिन्यांत नऊ हजारांवर आल्या. आक्का शेतात निंदायला जाऊ लागली, सुनेवर ओरडू लागली. दहाव्या महिन्यात मात्र आकडा बावीस हजार झाला, मग एक्केचाळीस. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चुकवता का?" ती म्हणाली, "न्हाई साहेब, एक दिस बी न्हाई." ते खरंच होतं.

त्याच आठवड्यात सुनेला पिठाच्या डब्यामागे दुसरा डबा सापडला. मी गोळ्या मोजल्या. दोनशे ब्याण्णव.

"आक्का, हे काय करून ठेवलंस?"

"चारातली एक काढून राहिले रे. तीन खाल्ल्या तरी बरं वाटत होतं. उद्या त्याईनं हात वर केले म्हंजी? तीन-तीननं तीन महिने तरी जातील."

हिशेब बरोबर होता. सत्त्याण्णव दिवस. पण कमी मात्रेत रोग त्या गोळीला सरावला असावा, असं डॉक्टर म्हणाले. पूर्ण मात्रा देऊन पाहिली, वाढवूनही पाहिली, उपयोग झाला नाही. तिला चाचणीतून काढलं. कागदावर कारण लिहिलं, 'सूचनांचं पालन केलं नाही.' आक्का माझ्याशी दोन दिवस बोलली नाही… मी तिच्यावर ओरडलो होतो.

गेल्या आठवड्यात उरलेल्या गोळ्या परत मागणारं पत्र आलं. भाच्याला घेऊन दवाखान्यात गेलो. त्याच बाईंनी आक्काची फाइल उघडली. फाइलीत औषध कंपनीचं एक इंग्रजी पत्र होतं. तारीख पाहिली. आक्काच्या उपचारांचा चौथा महिना. लिहिलं होतं, ज्यांना गुण येत आहे, त्यांना अभ्यास संपल्यावरही औषध मोफत मिळत राहील, रुग्णांना तसं कळवावं.

"हे तिला सांगितलं का नाही?"

"सर, मराठी भाषांतर मंजूर होऊन यायचं होतं. त्याशिवाय पेशंटला काही देता येत नाही. नियम आहे."

"बाई, चार ओळी आहेत! ती तुमच्यासमोर बसून तोंडानं विचारत होती!"

मी एवढ्या मोठ्यानं बोललो की शिपाई आत आला. भाचा माझा हात धरून म्हणाला, "मामा, चला…"

दाराबाहेर बाक होता. पत्राच्या त्या चौथ्या महिन्यापासून पुढे प्रत्येक महिन्याला मी त्याच बाकावर बसलो होतो, इंग्रजी वर्तमानपत्र वाचत.