आखाजीचा खाडा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी आप्पांनी मला नंदुरबार स्टेशनवर सोडलं. आमच्याकडे कुठलंही नवं काम आखाजी झाल्याशिवाय सुरू होत नाही, मग लेकीचं विमान शिकणं तरी कसं होणार! आप्पा म्हणजे माझे वडील, कोरीटचे शेतकरी. फटफटीवर पुढे बॅग, मागे मी, आणि वाटेत भेटेल त्याला थांबून सांगणं चाललं होतं, "पोरगी पायलट व्हवाले चालनी." एका काकांनी कौतुकानं विचारलं, "एकशे आठवर का?" आमच्याकडे त्या रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरलाही पायलटच म्हणतात. आप्पा म्हणाले, "हा, तसंच समज," कारण गाडीची वेळ झाली होती.

प्लॅटफॉर्मवर ते माझ्यासाठी शेंगा घ्यायला गेले आणि भावावरून शेंगावाल्याशी जी जुंपली, ती गाडी हलली तरी संपेना. शेवटी दोघंही गाडीबरोबर पळत आले. शेंगा काही माझ्यापर्यंत पोचल्या नाहीत. आप्पा तेवढं ओरडून म्हणाले, "कोन्ही बोलनं तं ऐकी ले, पन दबू नको!" मी हसत होते आणि रडतही होते, आणि समोरच्या बाकावरच्या मावशी माझ्याकडे संशयानं बघत होत्या.

त्यानंतरची एकही आखाजी मला घरी मिळाली नाही. आधी फ्लाइंग स्कूल, मग एअरलाइन. उन्हाळ्यात सगळा देश विमानात बसतो, तेव्हा पायलटला रजा कुठली? तुमच्यापैकी जे गावीच राहिले त्यांना आखाजी काय ते सांगायला नको, आणि जे माझ्यासारखे निघून गेले त्यांना तर मुळीच सांगू नये, उगाच जीव जळतो. लेकी माहेरी येतात, गौराई बसते, झाडाला झोके बांधतात, खापरावरची पुरणपोळी आणि आंब्याचा रस. मी हे सगळं व्हिडिओ कॉलवर बघायचे. आई फोन झोक्याकडे धरायची, मग गौराईकडे, आणि शेवटी चुकून चुलीकडे. हॉटेलच्या खोलीत, युनिफॉर्म इस्त्री करता करता, मी चूल बघत बसायचे.

एअरलाइनमध्ये पगाराचा तक्ता असतो. इतके तास, इतका अनुभव, इतके पैसे. बोलायला जागाच नाही. मग अहमदाबादेतल्या एका सराफाच्या कंपनीकडून विचारणा आली. त्यांचं स्वतःचं छोटं जेट आहे, आणि ते चालवायला त्यांना कायमची माणसं हवी होती. त्या जेटचं वेगळं ट्रेनिंग कंपनी देणार, त्या बदल्यात मी काही वर्षं नोकरी सोडायची नाही. मालक म्हणेल तेव्हा निघायचं, म्हणेल तिथे थांबायचं. पगार? तो बोलून ठरवायचा.

मी आप्पांना फोन केला. सगळं ऐकून ते खो खो हसले. "एक मालक, वरीसना करार, सोडीसन जावानं नही. हाई तं सालदारकी व्हयनी वं बेटा!"

मीही हसले, आणि मला आमच्या अंगणातला व्यवहार आठवला.

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, आणि त्याचं साल आखाजीलाच सुरू होतं. आमच्याकडे डोंगरातल्या धडगावकडचे जामसिंगभाऊ कितीतरी वर्षं आहेत. दर आखाजीला अंगणात व्यवहार बसायचा. आप्पा खाटेवर, जामसिंगभाऊ समोर. आप्पा कधीच आकडा बोलायचे नाहीत, समोरच्याला बोलू द्यायचे आणि मग असा चेहरा करायचे जणू कुणी घरातलं वारलंय. रक्कम ठरली की वरचं ठरायचं: ज्वारी, बूट, घोंगडी. आणि सगळ्यात शेवटी जामसिंगभाऊ होळीचं काढायचे. डोंगरात होळी म्हणजे दिवाळीहून मोठी, पाच दिवस घरी जायचंच. आप्पा गव्हाच्या काढणीचं रडगाणं गायचे, जामसिंगभाऊ शांतपणे ऐकायचे, आणि होळी आली की जायचेच. आप्पा मग पाच दिवस स्वतः बैलांचं करत, आल्यागेल्याला शिव्या देत, पाच दिवसांचे खाडे लावायचे. खाडा म्हणजे गैरहजेरीचा कापलेला रोज. यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. मलाही नाही. मी मालकाची पोर होते.

आता आप्पांनाच म्हटलं, मला शिकवा. फोनवरच तालीम ठरली. ते मालक, मी पायलट. मी घसा खाकरून आकडा सांगितला.

"इतलं?" आप्पा कळवळले. "बठीसन तं काम करानं शे! ना ऊन, ना चिखल!"

"आप्पा, तुम्ही माझ्या बाजूनं आहात ना?"

"हा, पन इतलं कोन देई?"

खरं सांगते, मी इतकी हसले की फोन पडला. आयुष्यभर खाटेवरच बसलेल्या माणसाला समोर बसता येईना. लेकीसाठीसुद्धा! तेवढ्यात आईनं फोन ओढून घेतला. आई व्यवहारात कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलली. "पैसा कमी दिधा तं चाली जाई. पन तू आखाजी मांगी ले." आणि जरा थांबून, "मी फोनले झोका दखाडी दखाडी कटाळनू माय."

एवढंच. मला रात्रंदिवस तेच ऐकू यायला लागलं.

अहमदाबादेत कंपनीच्या काचेच्या ऑफिसात एक निवृत्त कॅप्टन साहेब बोलणी करायला बसले होते. सभ्य माणूस. चहा मागवला आणि विचारलं, "अपेक्षा काय?" मी म्हटलं, "तुम्ही सांगा." ते म्हणाले, "नाही, तुम्ही." मी परत म्हटलं, "तुम्ही." चहा निवला. शेवटी ते वैतागून आकडा बोलले आणि मी वारल्याचा चेहरा केला. अहो, चालला की तो चेहरा! आकडा वाढला. खुशीत माझ्या तोंडून निघूनच गेलं, "आणि वर काय?" साहेबांना कळेना. मी घाईघाईनं इन्शुरन्स, घरभाडं असं काहीतरी म्हणून सावरलं, पण मनात बूट आणि घोंगडीच होती.

मग मी आखाजीचं काढलं. तीन दिवस, दरवर्षी, लिहून.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. अक्षय्य तृतीया? सराफाचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस! मालक त्या दिवशी सकाळपासून या शहरातून त्या शहरात, विमान जमिनीवर टिकतच नाही. बाकी कुठलीही तारीख मागा. हवं तर पगार आणखी वाढवू, पण ती तारीख नाही.

आणि त्यांनी खरंच वाढवला. तो आकडा ऐकून माझ्यातले आप्पा टुणकन उभे राहिले. त्या पैशांत आईला काय काय घेता आलं असतं! पण आईनं काहीच मागितलं नव्हतं, एक ते सोडून. मी घरी फोन केला नाही. केला असता तर तीच म्हणाली असती, जाऊ दे माय, घे. मी साहेबांना म्हटलं, वाढवलेले परत घ्या. मला तारीख द्या, नाहीतर मी येत नाही.

साहेब उठून बाहेर गेले. परत यायला त्यांना बराच वेळ लागला, आणि मी त्या थंड खोलीत घामेघूम झाले होते. नोकरी गेली असंच मी धरून चालले. ते आले आणि म्हणाले, मालक तयार आहेत. मात्र त्या तीन दिवसांसाठी बाहेरून पायलट आणावा लागेल, त्याचा खर्च तुमच्या पगारातून कापला जाईल. मी ताबडतोब सही केली.

घरी कळवलं. आई फोनवरच रडायला लागली. आप्पा मात्र भडकले. "तुन्हा खाडा? आखाजीना खाडा काटतीन? माय-बापले भेटाले पोर गयी तं तिना पैसा काटतीन? काय मानसं शेतस ती!" मी म्हटलं, "आप्पा, जाऊ द्या." पण ते किती तरी वेळ बडबडत राहिले, आणि मग कशानं तरी एकदम थांबले. मला वाटलं, रेंज गेली.

यंदाच्या आखाजीला मी घरी होते. पोळी आणि रस खाऊन ओट्यावर आडवी पडले होते, तेव्हा जामसिंगभाऊ आले. अंगणात व्यवहार बसला. रक्कम ठरली, ज्वारी ठरली, बूट ठरले. जामसिंगभाऊंनी होळीचं काढलं. मी गव्हाचं रडगाणं ऐकायच्या तयारीत होते. आप्पा जमिनीकडे बघत म्हणाले, "जाय. पाच दिन. खाडा नही."

जामसिंगभाऊ चमकले. ते आमच्या आप्पांना चांगलं ओळखतात. "काबर आप्पा? ज्वारीमा कमी करानी शे का?"

"आरे, दी ऱ्हायनू तं ले ना!" आप्पा खेकसले. माझ्याकडे मात्र त्यांनी बघितलं नाही.

घर मागे सोडून आपण पुढे येतो, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. त्या अंगणात मला कळलं की मी तिकडे जे सोसते ते इथे येऊन पोचतं, आणि इथली माणसं ते उराशी धरून बसतात. मला आप्पांचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता. जामसिंगभाऊ जाताना ओट्यापाशी थांबले आणि मला म्हणाले, होळीला या आमच्याकडे, डोंगरात. मी तोंडभरून हो म्हटलं. आता कॅप्टन साहेबांकडे होळीची रजा मागायची आहे.