वच्छलाबाईच्या वाटेवरची तूर

घाटंजीच्या अलीकडं, नाल्याच्या उतारावर वच्छलाबाईचं वावर होतं आणि त्याच्या खालच्या अंगाला घनश्यामचं. वच्छलाबाईला आपल्या वावरात जायचं तर घनश्यामच्या वावरातून जावं लागे. नवरा होता तेव्हापासूनची ती पायवाट. नवरा तापानं गेला, पोरी नांदायला गेल्या, तरी वाट तीच राहिली. जाता-येता घनश्यामची बायको कौसल्या तिला ताकाचा गिलास द्यायची, आणि वच्छलाबाई उभ्या उभ्या अख्ख्या गावाच्या बातम्या सांगून मगच पुढं सरकायची. बोलायची तिला भारी हौस.

ती वर्षं कापसाला वाईट होती. पऱ्हाटीची पानं बोंडं भरायच्या आतच लाल पडत. लोक म्हणत, लाल्या आला. मग साऱ्यांची भिस्त पऱ्हाटीत पेरलेल्या तुरीच्या ओळींवर. कापूस गेला तर गेला, तूर तरी घरात येईल.

त्या हिवाळ्यात घनश्यामची तूर फुलावर आली आणि वाळायला लागली. काल हिरवं असलेलं झाड आज माना टाकून उभं. सगळीकडं नाही, नेमकी पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी.

गिरणीवर दळण घेऊन बसलेल्या बायांमध्ये कोणीतरी सहज बोललं, "वच्छला ज्या वाटेनं जाते, तिथलीच तूर वाळते, पाह्यलं काय?" कौसल्या तिथंच होती. तिनं घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई वावरात निघाली तर वाटेवर बाभळीच्या काट्या आडव्या टाकलेल्या.

"घनश्यामभाऊ, हे काय?"

"तुम्ही नाल्याकडून जात जा, वैनी," घनश्याम तिच्याकडं न बघता म्हणाला. "काहून ते इचारू नका."

विचारायची गरज नव्हती. गावात गोष्ट तिच्या आधी पोचली होती. वेचणीला बाया जमल्या की तिला हाक येईना. कोणाच्या दारी उभी राहिली तर पोरांना आत बोलावून घेत. वच्छलाबाई नाल्यातून, दगडधोंड्यांतून वावर गाठू लागली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तिला स्वतःलाच शंका यायला लागली. नवरा गेला. मागच्या साली आपली स्वतःची तूर अशीच वाळली. खरंच आपल्या डोळ्यात काही असेल तर? रस्त्यानं जाताना ती मान खाली घालायला लागली. कोणाचं चांगलं पीक दिसलं की नजर फिरवायची. बोलकी बाई गप्प झाली.

पौष लागायच्या सुमाराला कृषी सहायक दीपा मॅडम लाल्या पडलेली पऱ्हाटी बघायला गावात आली. आर्णीकडची पोरगी, नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. बघून झालं, माणसं पांगली, ती स्कूटीला किल्ली लावत होती तेव्हा वच्छलाबाई जवळ आली.

"मॅडम, माणसाच्या नजरेनं तूर वाळते काय?"

दीपा हसली नाही. तिनं किल्ली काढली. "कोणाच्या नजरेनं म्हणतात, मावशी?"

"माह्या."

"चला, दाखवा मला."

काट्यांपाशी दोघी थांबल्या. दीपानं घनश्यामला हाक मारली, कौसल्याही मागून आली. दीपानं त्याच्याकडून विळा मागून घेतला, एक वाळलेलं झाड उपटलं आणि खोड मधोमध उभं चिरलं. आत पांढऱ्या लाकडात काळपट तपकिरी रेघा बुडापासून वर चढल्या होत्या. शेजारचं हिरवं झाड चिरलं, ते आतून स्वच्छ.

"ही मर आहे," ती म्हणाली. "बुरशी मातीत राहते, मुळातून आत शिरते आणि झाडाचं पाणी वर जाण्याची वाट बंद करते. झाड तहानेनं मरतं. कोणी बघून काही होत नाही."

घनश्यामनं खोड हातात घेऊन उलटसुलट केलं. "मंग वाटेनंच काहून? बाकीच्या वावरात काहून नाही?"

दीपानं उताराकडं पाहिलं. पायानं चेपून चेपून वाट खोल झाली होती. "पावसाळ्यात पाणी इथूनच वाहतं ना? पाण्यासोबत माती येते, मातीसोबत बुरशी येते. वरती कोणाचं वावर आहे?"

 वच्छलाबाईला उमगलं. गप्प राहिली असती तर नजरेचा डाग पुसून ती घरी जाऊ शकली असती. पण ती म्हणाली, "वरती माहं वावर हाय. मागच्या साली माही तूर अशीच मेली. मी उपटली आन् खालच्या बांधावर, धुऱ्यावर टाकून देली. जाळली नाई. पाण्यानं तेच खाली आणलं असंन."

"म्हंजे शेवटी तुमच्याचकडून आलं," कौसल्या म्हणाली.

"हो बाई. पन डोळ्यातून नाई आलं."

दीपानं सांगितलं ते सोपं होतं आणि करायला अवघड. मेलेली झाडं उपटून जाळा. तीन-चार वर्षं या जमिनीत तूर नको, ज्वारी पेरा. पुढं मर न लागणारं वाण घ्या, बी औषध लावून पेरा. आणि करायचं तर दोघांनी करा. वरच्यानं केलं नाही तर खालच्याचं फुकट.

वाळलेली झाडं दोघांनीही जाळली, आपापल्या धुऱ्यावर, एकमेकांशी न बोलता. काट्या मात्र तशाच होत्या.

ज्येष्ठात, पेरणीच्या तोंडावर, घनश्याम तिच्या ओट्यावर येऊन बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"जवारी पेरता काय, वैनी?"

"रानडुकरं खातीन. म्हणून तं साऱ्या गावानं सोडली जवारी."

"राखण करू. दोन्ही वावरांची मिळून. एकट्याच्यानं होत नाई ते." मग म्हणाला, "काट्या काढल्या म्या सकाळी."

"पाह्यल्या," वच्छलाबाई म्हणाली. "भाऊ, मी सहा महिने लोकायच्या पिकाकडं पाह्यलं नाई. भेव वाटे मले, माह्याच डोळ्याचं."

 तिनं चहा ठेवला, तो पिऊन गेला.

ज्वारी भरात आली तेव्हा दिवस मावळायच्या वेळी कौसल्या आणि वच्छलाबाई वावरातल्या राखणीच्या माळ्यावर बसून डबे वाजवायच्या. सुरुवातीला नुसते डबेच वाजत. एके दिवशी कौसल्या म्हणाली, "गिरणीवर पयलं कोन बोललं, ते मी नाई सांगत. पन घरी मीच आणलं ते." वच्छलाबाई म्हणाली, "वाजव डबा, तिकडून आली पाय डुकरं." त्या दिवसानंतर दोघी बोलायला लागल्या. डुकरांनी तरीही बरंच खाल्लं. पण कडबा मिळाला, भाकरी मिळाली.

दीपानं सांगितलेली वर्षं गेल्यावर दोघांनी पुन्हा तूर पेरली. नाल्याच्या काठाला थोडी मेलीच. बाकी उभी राहिली, शेंगांनी वाकली.

पुढं एका साली गावाच्या टोकाला एका कोलाम आदिवासी बाईवर आळ आला, शेजाऱ्याचं सोयाबीन पिवळं पडलं म्हणून. वच्छलाबाईनं ऐकलं आणि हातातलं काम टाकून गेली. चारचौघं जमलेलीच होती. तिनं एक झाड उपटलं, खोड चिरून बघितलं. आत काळ्या रेघा नव्हत्या.

"मले नाई समजत हे काय हाय," ती म्हणाली. "मॅडमले बलावू. तोवर या बाईले कोनी काई म्हणायचं नाई."

आणि दीपा येईपर्यंत ती त्या बाईच्या दारात, तिच्या शेजारी बसून राहिली.