ओळख द्यायची पाळी

नाचणगावच्या आनंदाबाईनं मिलिटरीच्या डेपोच्या कुंपणालगतचं गवत अकरा वर्षं कापलं. मागच्या साली गेटावर अंगठ्याची मशीन लागली, अन् इळ्यानं झिजलेला तिचा अंगठा मशीनले काही उमगेना. अशा वेळी पासवाल्या माणसानं ओळख दिली की आत सोडत. ठेकेदार धर्मेंद्र बाजूलेच उभा होता. त्याले तिच्या जागी मेहुणीले लावायचं होतं. तो म्हणाला, "मी नाई ओळखत या बाईले."

आनंदाबाई घरी गेली, पण ते बोलणं तिनं पदराच्या गाठीत बांधून ठेवलं.

यंदा दुसऱ्या ठेकेदारानं तिले मुकादम केलं, चेहऱ्याचा पास काढून दिला. अन् आज गेटावर धर्मेंद्रच अडकला. कुंपणाच्या तारेनं त्याचा अंगठा फाटलेला, वर पट्टी. आत साहेबानं नव्या ठेक्यासाठी दहालेच बोलावलेलं.

"काकू, सांग नं या हवालदाराले! ठेका जाते माहा!"

हवालदारानं विचारलं, "अम्मा, पहचानती हो इसको?"

आनंदाबाईनं धर्मेंद्रले पायापासून डोक्यापर्यंत चांगलं सावकाश न्याहाळलं.

"नाई बापा. मी गवताची बाई, एवढे मोठे लोक मले कुठचे मालूम?"

मग तिनं मशीनपुढे तोंड धरलं. दांडा वर झाला, ती आत गेली.