टेकडी म्हटल्याशिवाय गोळी नाही

मेंढ्या विण्याच्या दिवसांत आमच्याकडे कोणी कोणाला ‘कसा आहेस’ असं विचारत नाही. तोंडाकडे पाहिलं की कळतं. बूट पायात ठेवून झोपायचं, अर्ध्या झोपेत उठायचं, अडलेल्या मेंढीला सोडवायचं, ओलं कोकरू चुलीपाशी आणून पुसायचं. आणि एवढं करून जगवलेलं कोकरू सकाळी कायोटीने फाडून टाकलेलं सापडायचं. कायोटी कोल्ह्याहून थोराड आणि लांडग्याहून धाकटा असतो, निर्लज्जपणात मात्र दोघांचा बाप. पूर्व मोंटानात ज्याच्या दारात मेंढी आहे त्याच्या तोंडी त्याला एकही बरा शब्द नाही. माझ्याही नाही.

आर्डिस क्वालेचं रान माझ्या रानाला लागून होतं. नवरा गेल्यावर तिने मेंढ्या एकटीने सांभाळल्या. बाई तिरसट, असं गावात म्हणत. होतीच तिरसट. तिची मुलगी लोरेन बिलिंग्ज शहरात राहायची आणि दर नाताळाला तेच पालुपद लावायची, “आई, आता पुरे. मेंढ्या विक आणि माझ्याकडे ये.” शेवटी आर्डिसने तिला शब्द दिला, की कायोटी ज्या दिवशी मला आवरेनासे होतील त्या दिवशी येईन. म्हणजे तिचं घर तिच्या बंदुकीच्या नेमावर टिकलं होतं. ही गोष्ट मला ठाऊक होती आणि बर्डेटलाही.

बर्डेट लुंडे हा आमच्यातला तिसरा. मनाने लोणी आणि जिभेला हाड नाही. जखमी सशासारखी ओरडणारी लाकडी शिट्टी वाजवून कायोटीला जवळ बोलवायचं, हे त्याचं काम. मी दुर्बीण धरायचो. गोळी आर्डिसची.

रानात तिचं राज्य असे. गाडीचं दार आपटायचं नाही, आपटलं तर शिक्षा म्हणून दिवसभर गाडीतून उतरून रानातली फाटकं उघडायची. जनावर आभाळाला टेकलेलं दिसत असेल तर त्याच्यावर नेम धरायचा नाही, कारण गोळी पलीकडे कोणाच्या अंगणात जाऊन पडेल ते देवालाच माहीत. दुर्बीणवाल्याने आधी सांगायचं की हा कायोटीच आहे, मग त्याच्यामागे पाहायचं आणि मागे माती दिसली तरच ‘टेकडी’ म्हणायचं. टेकडी म्हटल्याशिवाय गोळी नाही. गोळी सुटल्यावर लागली की चुकली हेही त्यानेच सांगायचं, आणि त्याच्या शब्दावर कोणी वाद घालायचा नाही. ज्याने मारलं त्याने स्वतः चालत जाऊन जनावर पाहायचं. जखमी होऊन पळालं असेल तर सापडेपर्यंत शोधायचं, मग भले जेवण राहो नाही तर झोप.

आणि ज्याची गोळी चुकली त्याच्या शर्टाचा मागचा पदर कापून तिच्या पडवीत खिळ्याला टांगायचा. ही रीत तिची नव्हे, आमच्याकडे आजोबांच्या वेळेपासून चालत आलेली. त्या भिंतीवर बहुतेक पदर बर्डेटचे होते. त्याची बायको नवे शर्ट घेतानाच म्हणायची, “मागून जरा लांब असलेला दाखवा.” आर्डिसच्या शर्टाला मात्र कधी कात्री लागली नव्हती.

त्या वसंतात कायोटींनी उच्छाद मांडला होता. रोज एखादं कोकरू जात होतं. त्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही निघालो तेव्हा तिघांच्याही अंगात त्राण नव्हतं. बर्फ वितळून चिखल झालेला, आणि आमच्याकडचा चिखल पायाला एकदा लागला की सोडत नाही. वाऱ्याने बर्डेटचे ओठ असे फुटले होते की त्याला शिट्टी धरवेना.

“आज तू वाजव, वेंडल,” तो मला म्हणाला. “दुर्बीण मी घेतो.”

“मी वाजवली तर ससा जखमी नाही, दारू प्यालेला वाटेल.”

“तुझी वाजवणी काय नि याची काय,” आर्डिस म्हणाली. “हा वाजवायला लागला की कायोटी येत नाहीत, माणसं येतात.”

झालं, ती गोष्ट निघालीच. एका हिवाळ्यात बर्डेट टेकडीच्या अलीकडे बसून शिट्टी वाजवत होता आणि पलीकडे कोणी शहरी शिकारी बसून तेच करत होता. दोघांनाही वाटलं, पलीकडे खराखुरा ससा विव्हळतोय, म्हणजे कायोटीही तिथेच येणार. सकाळभर एकमेकांना साद घालत दोघे पोटावर सरपटत वर चढले आणि एका खडकामागे समोरासमोर आले.

“बरं, पुढे काय बोललात?” मी विचारलं. ऐकून पाठ झालं होतं, तरी विचारलं.

“काय बोलणार? तो म्हणाला, तुम्ही छान विव्हळता.”

आर्डिस हसली. हसता हसता तिने डोळे पुसले आणि पुसतच राहिली. तिच्या डोळ्यांना हल्ली फार पाणी यायचं. ती म्हणायची, वाऱ्याने येतं.

आम्ही जागा घेतल्या. मी खाली ओहळात बसलो, तिथून मला फक्त काठ आणि आभाळ दिसत होतं. ती दोघं वर गवतात पालथी पडली. मी जमेल तशी शिट्टी फुंकली. बऱ्याच वेळाने वरून बर्डेटचा आवाज आला, “कायोटी. काळ्या दगडाच्या डावीकडे. उभा आहे.” मग थोडं थांबून, “टेकडी.”

गोळी सुटली.

“लागला!” बर्डेट ओरडला. “लागला गं! कड ओलांडून पलीकडे पडला.”

मी वर आलो तेव्हा आर्डिस उठून बंदूक काठीसारखी टेकत निघालीही होती.

“अगं, तू कुठे? मी बघून येतो,” बर्डेट घाईने म्हणाला.

“का? गोळी तू मारलीस?”

तिचे गुडघे कामातून गेलेले. चिखलातून एकेक पाय उपसत ती वर चढली आणि पलीकडे दिसेनाशी झाली. आम्ही थांबलो. बर्डेट गवताची काडी चावत होता आणि माझ्याकडे पाहत नव्हता. मला वाटलं, थकलाय. तिथे कोण थकलेलं नव्हतं?

बऱ्याच वेळाने ती कडेवर आली. “इथे काही नाही. रक्तही नाही.”

“जखमी होऊन गेला असेल,” बर्डेट म्हणाला. उचलली जीभ लावली टाळ्याला!

“मग शोधायला हवा,” ती म्हणाली आणि पुन्हा उतरली.

आता जखमी म्हटल्यावर सुटका नव्हती. आम्ही तिघं घळीघळीतून फिरलो. ती वाकून वाकून जमीन पाहायची, काही ठिकाणी हाताने चाचपायची. ऊन वर आलं. घरी मेंढ्या अडल्या असतील, हे तिघांनाही माहीत होतं. मी म्हटलं, “आर्डिस, पुरे आता.” ती म्हणाली, “पोटात गोळी घेऊन तो कुठेतरी पडलाय, वेंडल. चोर असला तरी असं मरू नये कोणी.” पुढच्या घळीत ती घसरली आणि चिखलात बसली. उठायला गेली, तर उठवेना. तरी हाताने पुढे सरकायला लागली. ते पाहून बर्डेटचा बांध फुटला.

“चुकली होती,” तो म्हणाला. “गोळी चुकली, आर्डिस. चांगली हातभर उजवीकडे माती उडाली. तो धडधाकट पळाला.”

ती पुढे सरकायची थांबली.

“तुझा शर्ट मला कापवला नसता गं,” तो म्हणाला. त्याच्या फुटलेल्या ओठांतून रक्त येत होतं. “आणि तू चुकलीस हे गावभर झालं असतं, लोरेनला कळलं असतं. ती तुला घेऊन गेली असती. मला तेवढंच सुचलं.”

ती रागावेल असं मला वाटलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती दमलेल्या आवाजात म्हणाली, “बर्डेट, माझे डोळे मागच्या हिवाळ्यातच गेलेत. नळीवरच्या काचेतूनसुद्धा धुरकट काहीतरी हलताना दिसतं, तेवढंच. कायोटी आहे की कोणाचं वासरू, ते वेंडल सांगायचा. मागे माती आहे की माणूस, तेही वेंडल सांगायचा. हिवाळाभर मी तुमच्या डोळ्यांनी मारलं.”

मी दुर्बीण धरत होतो आणि मला पत्ता नव्हता.

“आज तू ‘टेकडी’ म्हणालास, मी चाप ओढला,” ती म्हणाली. “मग तू ‘लागला’ म्हणालास. त्यातलं एक खोटं निघालं. आता पुढच्या वेळी मी काय खरं धरू?”

आम्ही दोघांनी तिला दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं. अंगाने ती फारच हलकी झाली होती. तसंच धरून गाडीपर्यंत आणलं.

गाडीत बसल्यावर तिने बंदूक रिकामी केली आणि माझ्या मांडीवर ठेवली. “लोरेनला कळवा,” ती म्हणाली. “कोकरं मोठी झाली की मेंढ्या विकते म्हणावं. माझ्याच्याने सांगवणार नाही.”

“अगं, एका चुकलेल्या गोळीपायी घर सोडतेस?” बर्डेट म्हणाला. रडायचाच बाकी होता तो. “वेंडल आहे की. तो कधी खोटं बोललाय? दुर्बीण तोच धरेल. मी हातसुद्धा लावणार नाही.”

“गोळी चुकल्याचं काही नाही रे. पण रोज पहाटे मेंढ्यांच्या वाड्याशी काहीतरी हलतं आणि मी एकटी बंदूक घेऊन बाहेर येते. तिथे कुठला वेंडल?” तिने बाहीने डोळे पुसले. “परवा पहाटे मी असाच नेम धरला होता. चाप ओढणार, तेवढ्यात ते खोकलं. बर्डेट, तू माझ्या मेंढ्यांना चारा टाकत होतास.”