पहले वो, जो फ्री है

माझी बायको मार्चमध्ये वारली.

त्याआधी साताऱ्याहून आमच्याकडे कोणीही आलं, की खालच्या मजल्यावरचे सरदारजी पगडी बांधून जिन्याशी हजर असत. पाहुण्यांना चंदीगड दाखवायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. तिकीट लागेल अशा जागी मात्र ते कुणाला नेत नसत. "पहले वो देखो जी, जो फ्री है," म्हणत आणि सुखना लेक, सतरा सेक्टरचं कारंजं असं दाखवत, जणू सगळं त्यांनीच बांधलं होतं. "अंकलजी, आप तो पक्के कंजूस निकले," असं बायको चिडवायची. ते खूश होत. परतताना स्वतःला सोडून सगळ्यांची डोकी मोजत आणि "पूरे!", म्हणजे सगळे आहेत, असं ओरडत.

मेमध्ये मेहुणी मुलांना घेऊन आली. मला लेकवर जायचं नव्हतं. बायकोशिवाय ते पाणी बघवेल असं वाटत नव्हतं. सरदारजी वर आले. "चल पुत्तर, बच्चे आए हैं," एवढंच म्हणाले.

लेकवरून निघताना ते सवयीने डोकी मोजू लागले. माझ्यानंतर त्यांचं बोट शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळलं आणि थांबलं. ती नेहमी तिथेच उभी राहायची. मग ते स्वतः तिथे येऊन उभे राहिले आणि त्यांनी आपल्या छातीवर बोट ठेवलं.

"पूरे," ते हळूच म्हणाले.

आता रविवारी सरदारजी आणि मी लेकवर फिरायला जातो. ती येणार नाही हे कळतं, पण तिची वाट पाहायला मला अजून दुसरी जागा सापडलेली नाही.